पेटी दाराला लावून झोपणारी पोरगी

परभणीत मी समुपदेशन करते आणि दरवर्षी जून-जुलै आला की एकच काळजी घेऊन आईबाप येतात, पोरीचा नंबर पुण्याला लागलाय, आता राहायचं कुठं, खिशाला परवडंल आणि सुरक्षित पण असंल असं कुठं मिळंल. त्यांना मी एका पोरीची हकीकत सांगते, तिची आणि घरच्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असं काही सांगत नाही.

ती आली दिवाळीच्या सुट्टीत. आईच घेऊन आली, "मॅडम, लेकरू रात्री झोपतच नाही, उठून उठून दार बघायलंय, बाहेरचं काही झालंय का". गावात अंगारा लावून झाला होता. पोरगी पहिल्या दिवशी काहीच बोलली नाही. दुसऱ्या वेळी आईला बाहेर बसवलं तेव्हा खाली बघत म्हणली, "मी तिथं पेटी दाराला लावून झोपते."

शेवटच्या राउंडला ॲडमिशन झालं, दोन दिवसांत रूम बघायची होती, एजंटनं कॉट बेसिसवर, म्हणजे एका खोलीतली नुसती एक खाट भाड्यानं, अशी एक दाखवली, महिना साडेतीन हजार, डिपॉझिट दहा हजार, पावती नाही, करार नाही. दिवसा बघितली, बरी वाटली. आतली कडी तुटलेली आहे हे कुणी बघितलंच नाही. मालकाचा भाचा पाण्याची मोटार बघायच्या नावानं दुसरी चावी लावून कधीही आत यायचा. सोबतच्या दोघी नर्सिंगच्या, त्यांची नाईट ड्युटी असली की ही एकटी, मग आईनं दिलेली पत्र्याची पेटी, लाडू-चिवडा आणि पुस्तकांनी भरलेली, ती ओढत नेऊन दाराला लावायची आणि तिला पाठ टेकून बसून राहायची. दोन महिने.

घरी का नाही सांगितलं विचारलं तर म्हणली, "पप्पा म्हणतील ये माघारी. एकदा माघारी आले की संपलं मग."

इथं मला थांबून सांगायचंय, कारण हे मी कितीतरी पोरींकडून ऐकलंय. पाठवताना आपण म्हणतो, काही वेडंवाकडं झालं तर शिक्षण बंद. आपण बोलतो काळजीनं, पण लेकरू त्यातून एवढंच शिकतं की काही झालं तरी घरी सांगायचं नाही. अशा पोरीला कुलूप कितीही भारी दिलं तरी ती सुरक्षित नाही.

वडील आले ते चिडूनच, "आधी कामून नाही सांगितलं?" आणि लगेच, "जाऊ द्या ते पुणं, इथंच बीएला टाकतो." पोरीनं आईचा हात घट्ट धरला. मी म्हणलं, भाऊ, तुम्ही हेच म्हणणार हे तिला दोन महिन्यांपासून माहीत होतं, म्हणूनच ती पेटी ओढत होती. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग तिच्याकडं बघून म्हणले, "रूम बदलू. कॉलेज नाही बदलायचं."

पुढचं काम त्यामानानं सोपं होतं. दोघं नवराबायको पुण्याला गेले, नातेवाईकाकडं तीन दिवस राहिले, आणि रूम बघायला मुद्दाम अंधार पडल्यावर गेले, बसस्टॉपपासून पायी. बाथरूमची पण कडी आतून लावून बघितली. आधीच्या पोरींना मालक नसताना विचारलं, दुसरी चावी कुणाकडं असते, डिपॉझिट परत देतात का. जी मिळाली ती हजारानं महाग, पण कॉलेजला पायी जाता येतं, बसभाडं वाचलं. करार रजिस्टर करून मागितला, मालक कुरकुरला, पण 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी घरमालकावरच आहे. त्या कराराचा दुसरा उपयोग म्हणजे योजनांच्या अर्जाला तो लागतो.

योजनांचं बऱ्याच जणांना माहीतच नसतं म्हणून सांगते. ॲडमिशन झालं की आधी सरकारी वसतिगृहाचा अर्ज करा. तिथं जागा नाही मिळाली तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना स्वाधार योजना आहे, पुण्या-मुंबईसाठी वर्षाला 60 हजार, आदिवासी मुलांना स्वयं योजना, ओबीसींना सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि अल्पभूधारकांच्या लेकरांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. पैसे उशिरा पडतात, पहिल्या चार-सहा महिन्यांची सोय हाताशी ठेवूनच निघा. पुण्यात 1955 ला सुरू झालेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीची वसतिगृहं खेड्यातल्या मुलामुलींसाठी आहेत, तिथं पण वेळेत अर्ज करा. आणि नुसते फोटो बघून कुणालाही टोकनचे पैसे पाठवू नका, फसलातच तर लगेच 1930 ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा.

जुन्या मालकानं दहातले चारच हजार परत दिले, वडलांनी फार ताणलं नाही. पोरगी आता तिसऱ्या वर्षाला आहे.

तेव्हापासून जूनमध्ये जे आईबाप येतात त्यांना मी रूमचं बोलायच्या आधी लेकराच्या समोरच ते वाक्य म्हणायला लावते, रूम बदलू, कॉलेज नाही. काही जण पटकन म्हणतात. मागच्या वर्षी एका वडलांना अर्धा तास लागला, आणि ते म्हणले तेव्हा त्यांची पोरगी रडायलाच लागली.