मशीनमधला साठा, गोदामातला साठा

“मी दारूचा थेंबही घेत नाही, मग माझ्या यकृतावर चरबी कशी?” आणि त्यापाठोपाठ, “मोबाइलवर पैसे भरून आहाराचा कार्यक्रम घेतला, रोज सगळी नोंद होते, तरी वजन हलत नाही; आता काय करायचं?” गेल्या काही वर्षांत हे दोन प्रश्न जोडीने माझ्याकडे इतक्या वेळा आले आहेत, की समोरचा माणूस सोनोग्राफीचा लिफाफा उघडण्यापूर्वीच मला त्याचे पुढचे वाक्य ठाऊक असते. बेळगाव शहरातून, खानापूर-निपाणीकडून येणाऱ्या या मंडळींपैकी बहुतेक जण गॅसच्या किंवा पित्ताशयातल्या खड्याच्या तपासणीसाठी गेलेले असतात आणि अहवालाच्या तळाशी ‘फॅटी लिव्हर, ग्रेड टू’ एवढी ओळ वाचून घाबरलेले असतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांनी द्यायचे असते. मी ते त्यांच्याच आधाराने थोडक्यात सांगते. यकृतातील चरबीचे प्रमाण साधारण 5 टक्क्यांच्या वर गेले की तिची दखल घ्यावी लागते, आणि त्यासाठी दारू प्यावीच लागते असे नाही. पोटाचा वाढता घेर, मधुमेहाकडे झुकलेली रक्तशर्करा, गोड पेये आणि बैठे काम एवढे पुरेसे असते. 2023 मध्ये तज्ज्ञांनी या विकाराचे इंग्रजी नावच बदलले आणि त्यात चयापचयातील बिघाडाचा उल्लेख आणला. दारूचा ठपका नको असलेल्या आमच्याकडच्या माळकरी मंडळींना हे सांगितले की निम्मा जीव भांड्यात पडतो. दुसरा प्रश्न मात्र माझ्या, म्हणजे समुपदेशकाच्या, खुर्चीचा आहे, आणि त्यासाठी मी अण्णांची गोष्ट सांगणार आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि आठ महिन्यांच्या भेटी चार-पाच संवादांत बसवल्या आहेत.

अण्णांचे वय बावन्न, वजन 86 किलो, खानापूर रस्त्यावरच्या एका गावात खते आणि बी-बियाणांचे दुकान. मुलगा पुण्यात नोकरीला. वडिलांचा अहवाल पाहून त्यानेच वर्षभराचा डिजिटल कार्यक्रम घेऊन दिला होता: ताटाचा फोटो टाकायचा, पावले मोजली जातात, दर पंधरा दिवसांनी बेंगळुरूहून आहारतज्ज्ञ हिंदीत बोलतात. तीन महिने झाले होते. ॲपमध्ये हिरव्या खुणांची रांग लागली होती आणि वजन सहाशे ग्रॅमने वाढले होते.

पहिल्या भेटीला वहिनीही आल्या होत्या. मी अण्णांना आहाराविषयी विचारले, तर ते म्हणाले, “मी काय खाऊलोय ते हिलाच विचारा की, मॅडम. फोटो तीच काढतीया.” वहिनींनी फोन उघडून दाखवला. भाकरी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, ताक. एकेक ताट देवापुढच्या नैवेद्यासारखे मांडलेले. पावले रोजची सहा हजारांच्या पुढे.

वहिनींच्या निष्ठेविषयी मला आदर वाटला, पण हा सारा व्यवहार चालला कोणाचा होता, हा प्रश्न मनातून जाईना. दुसऱ्या भेटीला मी अण्णांना एकटेच बोलावले आणि फोन घेऊन या म्हटले. ते रिकाम्या हाताने आले.

“फोन तिचा आहे. ॲप तिच्याच फोनवर घालून दिलंय पोरानं.”

“मग पावलं कोणाची मोजली जातात?”

ते काही वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि मग मनापासून हसले. “तिचीच की हो!”

तीन महिने घरातली बाई चालत होती, ताट मांडत होती, फोटो काढत होती, आणि ॲपमध्ये एक तिसराच माणूस सुधारत होता. हा प्रकार वाटतो तितका दुर्मीळ नाही. मुले दूरच्या शहरातून आई-वडिलांसाठी असे कार्यक्रम घेतात तेव्हा नोंद ठेवणारा आणि नोंदीतला माणूस यांची सांगड घालण्याकडे कोणाचेच लक्ष नसते.

फोन अण्णांच्या खिशात गेला की प्रश्न सुटेल, असे मला वाटले होते. तसे झाले नाही. दोन आठवड्यांनी त्यांनी आणलेल्या नोंदींत चहा दिवसाला दोनच कप होता. खतांच्या दुकानात बसणारा माणूस दिवसाला दोन चहांवर राहतो, यावर बेळगाव जिल्ह्यात कोणी विश्वास ठेवणार नाही. पण “तुम्ही खोटं लिहिता” असे म्हणून काहीच साधत नसते. माझी घडण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या परंपरेत झाली आहे. माणूस नोंद लपवतो तेव्हा तो जगाला फसवत नसतो, ‘माझ्याकडून चूक होताच कामा नये’ या स्वतःच्याच हुकमापासून पळत असतो, असे मी त्या परंपरेत शिकले. अण्णांच्या मुलानेही तोच हुकूम फोनवर रोज रात्री दिला होता: “बाबा, आज सगळं हिरवं झालं ना?”

तेव्हा मी आहाराचा विषय सोडून दिला आणि दुकानाविषयी विचारले. खत विकताना शेतकऱ्याचा अंगठा पॉस मशीनवर घ्यावा लागतो, तरच ते पोते मशीनच्या साठ्यातून वजा होते.

“अण्णा, तुमच्या पॉस मशीनमध्ये युरियाची चाळीस पोती दिसतात आणि गोदामात तीसच आहेत. काय करता?”

“तूट शोधायची. तपासणीला आले तर लायसनवर बेततंय.”

“तूट दिसली की लाज वाटते?”

“लाज कसली त्यात? हंगामाच्या गडबडीत पोती दिलेली असतात, अंगठा घ्यायचा राहिलेला असतो. कुणाकडं गेली ते आठवायचं.”

मी थोडी थांबले आणि विचारले, “मग तुमच्या पोटात अंगठा न लावता काय जातं?”

ते बोलायचे थांबले. खिडकीबाहेर पाहत त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. दुकान उघडल्यावर एक. पहिला शेतकरी आला की त्याच्याबरोबर एक. कंपनीचा माणूस आला की एक. “गिऱ्हाइकाला चहा सांगून आपण नको म्हणायचं, हे बरं दिसत नाही, मॅडम.” बोटे आठावर थांबली, मग पाचच्या सुमाराची मिरची भजी आठवली. या सगळ्या काळात त्यांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता, हिशेब लागत असल्याचे समाधान होते. समुपदेशकाला असा क्षण वर्षातून चार-दोनदाच लाभतो आणि त्या वेळी आपण मध्ये न बोलणे हेच मोठे कौशल्य असते. मी बोलले नाही.

पुढच्या भेटीला ते स्वतःहून आकडा घेऊन आले. हॉटेलातल्या पोराकडून एका कपाची साखर मागून घेऊन त्यांनी ती बियाणे तोलण्याच्या काट्यावर ठेवली होती: 8 ग्रॅम. “आठ चहा म्हणजे 64 ग्रॅम, मॅडम. कोबीच्या बियाण्याची पाकिटं आमच्याकडं दहा ग्रॅमची असतात. सहा पाकिटं झाली की!” जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवा असे म्हणते, हे मी तेव्हाच सांगितले, आधी सांगितले असते तर ते आणखी एक प्रवचन झाले असते.

त्यानंतर आम्ही फार थोडे बदल केले. शेतकऱ्याला चहा सांगायचा रिवाज तसाच ठेवला. अण्णांचा कप अर्धा आणि बिनसाखरेचा झाला आणि महिन्याभरात कपांची संख्या तीनवर आली. आहारतज्ज्ञांनी सुचवलेले ओट्स वहिनींनी आणून ठेवले होते, ते बहुधा अजूनही डब्यात आहेत. ज्वारीची भाकरी राहिली, मात्र दीडऐवजी एक, कारण ॲपच्या यादीतली ‘एक भाकरी’ आणि आमच्याकडची परातभर भाकरी यांत मोठे अंतर आहे. चालण्याचे उद्दिष्ट आठवड्याला 150 मिनिटे होते. खानापूरच्या पावसात जुलै-ऑगस्टमध्ये ते बाहेर अशक्यच, म्हणून अण्णा दुकान बंद केल्यावर गोदामातल्या पोत्यांच्या रांगांमधून पंचवीस मिनिटे फेऱ्या मारत. मृगाच्या पेरणीच्या दिवसांत मात्र सगळे बिघडले आणि तो पंधरवडा नोंदीत जसाच्या तसा उतरला. मला त्या पंधरवड्याचे कौतुक हिरव्या खुणांपेक्षा अधिक वाटते.

असा कार्यक्रम घेऊ इच्छिणाऱ्यांना माझे सांगणे आहे, की आधी डॉक्टरांकडून रक्तशर्करा, यकृताच्या तपासण्या आणि गरज असल्यास फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करून घ्या, कारण सोनोग्राफीतली ‘ग्रेड’ चरबीचा अंदाज देते, यकृत किती कडक झाले आहे हे सांगत नाही. 2021 मध्ये केंद्र सरकारने हा विकार असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला आहे, त्यामुळे सरकारी दवाखान्यातही विचारणा करायला हरकत नाही. वजन सुमारे 5 टक्के उतरले तरी यकृतातील चरबी कमी होऊ लागते, 7 ते 10 टक्क्यांवर सूजही उतरू शकते. म्हणजे 86 किलोच्या माणसाने सहा किलोंचे ध्येय ठेवावे, वीस किलोंचे नव्हे. महिन्यात दहा किलो उतरवण्याचे आश्वासन देणाऱ्या कार्यक्रमापासून दूर राहा, कारण फार वेगाने घटणारे वजन यकृताला आणि पित्ताशयाला त्रासदायक ठरू शकते. ‘लिव्हर साफ करणारे’ काढेही डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. काहींनी यकृतालाच इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आणि पैसे भरण्यापूर्वी पाहा, की त्यात तुमच्या ताटातले पदार्थ तुमच्या भाषेत आहेत का, आणि चुकलेला दिवस लिहिल्यावर समोरून लाल खूण येते की कोणी माणूस “काय झालं होतं?” असे विचारतो. मुलांनी आई-वडिलांच्या नोंदी रोज तपासू नयेत. महिन्यातून एकदा पुरे.

आठ महिन्यांनी अण्णांचे वजन साडेऐंशी किलो होते. सोनोग्राफीत ग्रेड दोनची एक झाली होती. चरबी पूर्ण गेली नव्हती आणि डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले होते. कार्यक्रमाची मुदत संपत आली तेव्हा त्यांनी ती वाढवली नाही. जुन्या स्टॉक रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानांवर ते आता आवक, जावक आणि शिल्लक असे तीन रकाने आखून लिहितात. गणपतीच्या दिवसांतल्या पानावर ‘मोदक 9’ अशी नोंद मी स्वतः पाहिली.

शेवटच्या भेटीला वहिनी पुन्हा सोबत आल्या होत्या. निघताना त्यांनी पर्समधून शिवणाची टेप काढली आणि दबक्या आवाजात विचारले, “बायकांचा घेर 80 सेंटीमीटरच्या आत पाहिजे म्हणालात ना मॅडम? माझा 88 भरला. एवढं चालून.” अण्णांनी रजिस्टर उघडून मध्येच एक उभी रेघ मारली आणि पानाच्या उजव्या अर्ध्यावर त्यांचे नाव लिहिले.