ख्रिस्ती लेखक म्हणून लिहायला हुरूप कुठून आणायचा?

तुमचा प्रश्न वाचला. बेळगावजवळच्या खानापूर बाजूला राहता, मराठीत लिहिता, घरचे म्हणतात हे वाचणार कोण, चर्चमधले म्हणतात कन्नडात नाहीतर इंग्लिशमध्ये लिही, आणि बाहेरच्यांना 'ख्रिस्ती' शब्द दिसला की लगेच धर्मप्रचार वाटतो, मग प्रेरणा नि प्रोत्साहन मिळवायचं कुठून, असं विचारलंय तुम्ही. मी काही मोठा लेखक नाही ओ. बेळगावात एका छापखान्यात डीटीपीचं काम करतो, लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, नाताळच्या कार्यक्रमाची हँडबिलं, एकाच दिवसात कन्नड, मराठी, इंग्लिश आणि रोमी लिपीतली कोंकणी असं सगळं हाताखालनं जातं, आणि रात्री स्वतःचं चार ओळी लिहितो. तेवढ्यावरनं सांगतो.

पहिलं म्हणजे तुम्ही एकटे आहात असं जे वाटतंय ना ते डोक्यातनं काढा. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती 'यमुनापर्यटन', 1857 सालची, ती लिहिली बाबा पदमनजींनी आणि हा माणूस 1831 ला जन्मला कुठं तर आपल्या बेळगावात. पुण्यात नाही मुंबईत नाही, बेळगावात! शिकायला सुरुवात पण इथल्याच मिशनच्या शाळेत. आपल्याकडं कित्येकांना हे माहीतच नसतं, चर्चमध्ये कोण सांगत नाही आणि शाळेत एका मार्काच्या प्रश्नात येऊन जातं. तर ती कादंबरी जमली तर मिळवून वाचा, पण कशी वाचायची ते सांगतो. यमुना नवऱ्याबरोबर फिरते आणि ठिकठिकाणी तिला विधवा भेटतात, कुणाचं केशवपन झालेलं, कुणाला घरात मोलकरणीसारखं राबवलेलं, आणि ते सगळं बाबा पदमनजी नीट बघून लिहितात. ते भाग आज पण अंगावर येतात. जिथं उपदेश सुरू होतो तिथं मात्र माझा तरी डोळा लागतो, खरं सांगायचं तर. म्हणजे त्याच पुस्तकात काय करावं ते पण आहे आणि काय करू नये ते पण आहे. माणूस दुसऱ्याचं दुःख बघायला बाहेर पडला म्हणून पुस्तक झालं, त्यांची श्रद्धा त्यांना तिथं घेऊन गेली एवढंच. प्रेरणा म्हणजे काय तर माझ्या मते हेच, की श्रद्धा तुम्हाला कुणाच्या दारात नेऊन उभी करते ते बघायचं आणि त्या दारातलं लिहायचं, श्रद्धेवरच निबंध लिहीत बसायचं नाही.

लक्ष्मीबाई टिळक घ्या. शाळेचं तोंड बघितलेलं नाही, अक्षरं लग्नानंतर शिकलेल्या, नवरा, म्हणजे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, 1895 ला ख्रिस्ती झाला म्हणून काही वर्षं त्याच्यापासनं लांब राहिलेल्या, आणि नंतर 1900 मध्ये स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतलेल्या. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' आज मराठी घरात कुठल्याही जातीधर्माचा माणूस आवडीनं वाचतो. का वाचतो? सोवळंओवळं, सासऱ्यांचा विक्षिप्तपणा, घरात दाणा नाही आणि नवऱ्यानं उदारपणे शेवटचं होतं ते पण कुणाला देऊन टाकलेलं, हे सगळं त्या हसत हसत सांगतात. ख्रिस्त त्यात आहे की, पण तो घरातल्या माणसासारखा आहे, पाहुण्यासारखा बैठकीत मांडलेला नाही. तुम्हाला जे लोक 'धर्मप्रचार' म्हणून हिणवतात त्यांना उत्तर देत बसू नका, लक्ष्मीबाईंसारखं आपलं स्वयंपाकघर लिहा. आपल्याकडं काय कमी आहे का? बेळगावच्या कॅम्पातली जुनी घरं, गोव्याहून येऊन इथं राहिलेली माणसं, खानापूरच्या रानाकडची गावं, एकाच बाकावर तीन भाषांत गाणी म्हणणारी मंडळी, मराठी प्रार्थना करून झाल्यावर बाहेर येऊन कन्नडात भांडणारी माणसं, कबरस्तानाच्या जागेवरनं वर्षानुवर्षं चाललेल्या मीटिंगा. हे मराठीत कुणी लिहिलंय? मला तरी फारसं सापडत नाही. म्हणजे रान मोकळं आहे बघा.

आता प्रोत्साहन. ह्याबद्दल मला जरा वेगळं वाटतं. लोक म्हणतात आधी प्रोत्साहन मिळू दे मग लिहितो. 'ख्रिस्तपुराण' कसं झालं बघा, फादर थॉमस स्टीफन्स जातीचा इंग्रज, गोव्यात येऊन मराठी शिकला, आणि नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांनीच त्याला म्हटलं की आमची जुनी पुराणं सुटली, आता ऐकायला काहीतरी द्या. म्हणून त्यानं ओवीत लिहिलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या, 1616 ला गोव्यातल्या रायतूरला छापलं, तेही रोमी लिपीत. चोर्ला नाहीतर अनमोड घाट उतरला की गोवाच, म्हणजे हे फार लांबचं नाही आपल्याला. मुद्दा काय तर कौतुक करणारे नव्हते, ऐकायला मागणारे होते. तुम्हाला पण तसलाच एखादा ऐकणारा शोधायचाय. चर्चमधली एखादी म्हातारी, संडे स्कूलची पोरं, पाळकांची बायको, कुणीही चालेल, फक्त 'छान आहे' म्हणून गप्प बसणारं नको, कंटाळा आला की उठून जाणारं पाहिजे. नाताळच्या नाटकापासनं सुरुवात करा की. दरवर्षी तेच तीन ज्ञानी आणि तेच मेंढपाळ, पोरांना पुस्तकी भाषेतली वाक्यं पाठ होत नाहीत, तिथं तुम्ही मेंढपाळाला आपल्या गावच्या बोलीत बोलवा, सरायवाल्याला जरा कामाला लावा, हॉलमध्ये मागं बसलेले हसले की कळतं काय चाललं आणि काय नाही.

चर्चच्या बाहेर पण जा. आपल्या भागात थंडीच्या दिवसांत गावोगाव मराठी साहित्य संमेलनं होतात, कडोली, येळ्ळूर, उचगाव, ग्रंथदिंडी असते, कवी संमेलन असतं. सरळ जाऊन भेटा आयोजकांना. ख्रिस्ती आहे म्हणून घेतील का नाही ही भीती मला माहीत आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना 2020 च्या उस्मानाबादच्या अखिल भारतीय संमेलनाचं अध्यक्ष केलं तेव्हा पण विरोध झालाच होता, तरी ते गेले, अध्यक्ष झाले. त्याआधी त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेला होता, आणि वसईच्या 'सुवार्ता' मासिकाचं काम तर कित्येक वर्षं केलेलं. म्हणजे आधी नुसतं काम, मग बाकीचं. मासिकं पण बघा, 'ज्ञानोदय' 1842 पासनं आहे, रेव्हरंड टिळकांनी त्यात काम केलेलं, 'निरोप्या' 1903 चं. पाठवत राहा. आणि फक्त ख्रिस्ती लेखक वाचू नका, निपाणीचे महादेव मोरे वाचा, पिठाची गिरणी चालवत त्यांनी तंबाखूच्या वखारीतल्या बायकांवर, ड्रायव्हर लोकांवर लिहिलं, सीमाभागातली बोली कागदावर कशी आणायची ते त्यांच्याकडनं शिकण्यासारखं आहे.

आणि साभार परत आलं, नाहीतर पाळकांनी 'हे नको' म्हटलं तर? बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 36 वा अध्याय काढा. यिर्मयानं सांगायचं नि बारूखानं लिहायचं असा पटच्या पट, म्हणजे गुंडाळीचं पुस्तक, तयार झाला, थंडीचे दिवस, यहोयाकीम राजा शेगडीपुढं बसलेला, तीन चार स्तंभ वाचून झाले की चाकूनं कापायचा आणि विस्तवात टाकायचा, असं करत सगळा पट जाळला. मग काय झालं तर दुसरा पट घेतला, परत सगळं लिहिलं आणि वर आणखी बरंच घातलं. मला बायबलमध्ये लेखकासाठी ह्याच्याइतकं कामाचं दुसरं काही सापडलेलं नाही. (आणि बारूखाकडं कार्बन कॉपी नव्हती. तुमच्याकडं मोबाईल आहे, लिहिलेलं दोन ठिकाणी ठेवत जा, आमच्याकडं एक पेनड्राईव्ह गेला म्हणून रडत येणारे रोज बघतो.)

शेवट बघायला मिळेलच असं पण नाही हां. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू नि ग्रीकवरनं बायबल मराठीत आणलं, केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी छपाईचे खिळे जुळवून ते छापलं, आणि पूर्ण बायबल बाहेर आलं 1924 ला, रमाबाई 1922 लाच गेलेल्या. रेव्हरंड टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तावरचं काव्य अर्धवट राहिलं ते बहुतेक सगळं लक्ष्मीबाईंनी पुढं लिहिलं. छापखान्यात काम करतो म्हणून असेल, मला ह्या गोष्टींनी धीर येतो, कुणाला उलटं पण वाटेल.

राहता राहिलं कन्नडात लिही म्हणणाऱ्यांचं. त्यांच्यावर रागावू नका, येत असेल तर कन्नडात पण लिहा, रमाबाई कर्नाटकातल्याच रानात जन्मलेल्या आणि त्यांना पण कन्नड यायची. मी स्वतः दिवसभर कन्नड टाईप करतो, चुका पण काढतो लोकांच्या, पण लिहायला बसलं की मराठीच येतं, त्याला काय करणार.