गवंड्याच्या मुलानं गवंडीकामच शिकायला आयटीआयला जावं का?

प्रश्न : मॅडम, मी बार्शी तालुक्यातली. माझे मिस्टर वीस वर्षांहून जास्त काळ गवंडीकाम करतात, मीही त्यांच्याच हाताखाली बिगारी आहे. मुलगा सोळा वर्षांचा, यंदा दहावी झाला, ५८ टक्के पडले. तो म्हणतो, शिक्षण बास, आता बाबांबरोबर ठेके घेतो. मिस्टर म्हणतात, आम्ही उन्हात राबलो तेवढं पुरे, पोरानं थापी धरायची नाही. भाचा म्हणतो, परदेशात गिलावा करणाऱ्याला लाखाच्या वर पगार आहे, याला तिकडं पाठवू. आम्हाला काही सुचत नाही.

उत्तर : ताई, मुलाला या धंद्यात जरूर येऊ द्या. फक्त लगेच ठेक्यावर नको. त्याला दोन वर्षं आयटीआयला घाला, आणि तीही गवंडीच्या ट्रेडला नाही, ड्राफ्ट्समन सिव्हिलला, म्हणजे बांधकामाचे नकाशे काढायच्या ट्रेडला.

गवंडीकामाचा एक वर्षाचा ट्रेड आयटीआयमध्ये आहे आणि घरात कोणी मिस्त्री नसलेल्या मुलाला मी तोच सांगते. तुमच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. थर कसा चढवायचा, ओळंबा कसा बघायचा, कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, कसा आणायचा, हे त्याला वडिलांकडून मिळेल तसं कुठल्याही वर्गात मिळणार नाही. सुट्टीच्या दिवशी त्यांच्यासोबत राहून तो ते बघू शकतो. घरात जे कुणाला येत नाही ते आहे नकाशा वाचणं, मापं काढणं, अंदाजपत्रक बांधणं. ड्राफ्ट्समन सिव्हिलमध्ये हेच हातात येतं. शिवाय दहावीनंतरचा दोन वर्षांचा ट्रेड झाला की पुढे सिव्हिल डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. म्हणजे उद्या त्याला शिकावंसं वाटलं तर तीही वाट राहते.

मापाचं एवढं का सांगते? भिंत वाकडी आली म्हणून ठेकेदार बुडाल्याची उदाहरणं मी फार पाहिली नाहीत. मापात आणि तोंडी बोलीत बुडालेले खूप पाहिले. चार बाय पाच फुटांची खिडकी घ्या. भिंतीला दोन्ही बाजूंनी गिलावा आहे. मालक म्हणतो, खिडकीचे वीस फूट आतून वजा आणि वीस बाहेरून वजा. मोजमापाचं भारतीय मानक, आयएस १२००, सांगतं की अर्धा ते तीन चौरस मीटरच्या उघाडीसाठी, म्हणजे दार-खिडकीच्या मोकळ्या जागेसाठी, एकाच बाजूची वजावट करायची, कारण खिडकीच्या आतल्या कडांना जो गिलावा लागतो त्याचं वेगळं माप धरत नाहीत. ही खिडकी पावणेदोन चौरस मीटरच्या थोडी वर भरते, म्हणजे या नियमात बसते. दहा खिडक्यांच्या घरात हे माहीत नसलेल्या माणसाचे दोनशे चौरस फुटांचे पैसे जातात, आणि काम तर त्यानं केलेलं असतं. खासगी कामात ठरलं ते खरं, म्हणूनच काम सुरू होण्याआधी 'मोजमाप आयएस १२०० प्रमाणे' एवढी एक ओळ कागदावर हवी. ही ओळ लिहून घेणारा माणूस तुमच्या घरात तयार व्हायला हवा.

आणखी एक कारण आहे. सोळाव्या वर्षी त्यानं केलेला करार कायद्यात टिकत नाही. अठरा व्हायला दोन वर्षं आहेत आणि ट्रेडही दोनच वर्षांचा आहे.

आता मिस्टरांच्या काळजीबद्दल. ती खोटी नाही. पुण्या-मुंबईच्या टॉवरमध्ये मायवान शटरिंगमध्ये, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात, भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात, तिथं वीटकाम फारसं उरतच नाही. जिथं भिंत बांधतात तिथंही एएसी ब्लॉक, म्हणजे सिमेंटचे हलके सच्छिद्र ठोकळे, आलेत. विटेच्या थराला दहा मिलिमीटरचा सिमेंट-वाळूचा सांधा असतो, एएसीला तयार चिकट मसाल्याचा दोन-तीन मिलिमीटरचा. वीट भिजवून घेतो तसा हा ब्लॉक पाण्यात बुडवायचा नसतो, नुसता ओलसर करायचा. आत जिप्समचा गिलावा असेल तर त्याला पाणी मारायचं नाही आणि तो बाथरूममध्ये चालत नाही. जुना हात याच ठिकाणी चुकतो, आणि हे मिस्टरांनाही शिकता येईल.

पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत गवंडी आहेत. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि पाच टक्के व्याजानं पहिलं एक लाखापर्यंतचं कर्ज. कुटुंबात एकालाच मिळते, म्हणून ती मिस्टरांच्या नावानं घ्या. कर्ज मात्र हातात काम असेल तेव्हाच उचला.

आपल्याकडं काम आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या कार्यक्रमात राज्यातल्या २० लाख घरकुलांची मंजुरीपत्रं दिली गेली. एक घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २७० चौरस फुटांच्या आसपास. टॉवरवाले इकडं येणार नाहीत, ही घरं तालुक्यातला मिस्त्रीच बांधणार.

परदेशाचं आत्ता मनातून काढा. इस्रायलनं २०२४ मध्ये गिलावा, लादी, शटरिंग आणि सळई वाकवणाऱ्या कारागिरांची भरती केली, ती सरकारी यंत्रणेमार्फत आणि हाताची चाचणी घेऊन. तिथं अनुभवी माणूस लागतो, सोळा वर्षांचा मुलगा नाही. पुढे कधी जायची वेळ आली तर एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, हे ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर बघा. त्याआधी कुणाला एक रुपयाही देऊ नका.

शेवटी तुमच्याबद्दल. तुम्ही पत्रात स्वतःसाठी काहीच विचारलं नाहीत. तुम्ही आणि मिस्टर, दोघांचीही बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का? वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस कामाचा दाखला, एवढ्यावर ती होते. मंडळाकडून मुलांच्या शिक्षणाला अर्थसाहाय्य मिळतं, मुलाच्या फीला त्याचा उपयोग होईल. दुसरं म्हणजे, घरकुल योजनेत ४५ दिवसांचं ग्रामीण गवंडी प्रशिक्षण असतं, प्रत्यक्ष घर बांधत शिकवतात, आणि ते बायकांनाही घेता येतं. झारखंडमध्ये अशा शिकलेल्या बायकांना राणी मिस्त्री म्हणतात. इतकी वर्षं मसाला कालवून देणाऱ्या बाईला अर्धं काम आधीच येत असतं, पण मजुरी बिगाऱ्याचीच मिळते. पंचायत समितीच्या घरकुल विभागात जाऊन पुढची तुकडी कधी आहे ते विचारा आणि तुमचं नाव द्या. मुलाच्या प्रवेशाची मुदत चुकवू नका. आयटीआयचे अर्ज ऑनलाइन असतात, आणि जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिल नसेल तर सोलापूर, धाराशिव, लातूर अशा जिल्ह्याच्या ठिकाणचे पर्यायही अर्जात भरा.