'ओल्ड एल': जुनी, शिळी की मुरलेली?

प्रश्न असा आला आहे: इंग्लंडमध्ये थंडीत प्यायल्या जाणाऱ्या बाटलीबंद 'ओल्ड एल' या बिअरच्या चवीबद्दल मराठीत लिहिताना 'ओल्ड'ला काय म्हणावं? 'जुनी' मोघम वाटतं, 'शिळी' म्हटलं की दोष दिल्यासारखं होतं.

'मुरलेली' म्हणावं. गंमत म्हणजे इंग्रजीलाही हा पेच पडला होता. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये ताज्या बिअरला 'माइल्ड' आणि पिंपात महिनोन्‌महिने ठेवलेलीला 'स्टेल' म्हणत, आणि 'स्टेल'ला भाव जास्त मिळे. मराठी 'शिळी'ला ही मानाची छटा नाही. उलट 'मुरणं' म्हटलं की नुसता काळ गेला असं होत नाही, आत काहीतरी घडत राहिलं हेही आलं. लोणच्याचं होतं तसंच. उदाहरणार्थ, फुलर्स या लंडनच्या बिअर कंपनीची 'व्हिंटेज एल' 1997पासून दरवर्षी निघते, मद्यांश 8.5 टक्के. बाटलीत जिवंत यीस्ट असतं, ते उरलेली साखर आणि थोडा प्राणवायू संपवतं. चार टक्क्यांची फिकट बिअर अशी ठेवली तर मुरत नाही, शिळीच होते.

बाटलीच्या तळाशी बसतो तो 'साका'. 'गाळ' चालेल, पण साका नेमका. बाटली आदल्या दिवशीपासून उभी ठेवा म्हणजे एल निवळते. तापमान 12–13 अंश. फ्रिजमधून काढल्या काढल्या ओतली तर वास दबतो आणि कडवटपणा तेवढा पुढे येतो. ग्लास तिरपा धरून एका धारेत ओता. मध्येच बाटली सरळ केली की साका ढवळतो. शेवटचं बोटभर बाटलीतच राहू द्या.

आता चव. मनुका, काकवी, शेरी या वाईनची आठवण देणारा वास: हे मुरल्याचं लक्षण. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ती 'शिळी', हवा लागल्याने झालेली. व्हिनेगरसारखी झोंबली तर 'विटलेली'. इथे 'आंबलेली' लिहू नका, कारण आंबवल्याशिवाय कुठलीच बिअर होत नाही. चामड्यासारखा किंचित वास मात्र लगेच दोषात टाकू नये. कार्ल्सबर्ग या डॅनिश बिअर कंपनीच्या क्लॉसेन यांनी मुरलेल्या इंग्रजी बिअरमधलं हा वास आणणारं यीस्ट वेगळं काढल्याचं 1904 मध्ये जाहीर केलं आणि त्याला ब्रेटॅनोमायसीस, म्हणजे ब्रिटिश बुरशी, हे नाव दिलं.

'कडू' आणि 'तुरट' यांची गल्लत फार होते. हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडूपणा जिभेवर रेंगाळतो. तुरटपणाने हिरड्या आणि गाल आवळल्यासारखे होतात. तो बहुधा माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, टरफलांतून येतो, आणि मुरलेल्या एलमध्ये जास्त झाला तर उणीवच.