सांडपाण्याचे केंद्र झाले, तरी नदी काळीच का?

प्रश्न: शहरात नवे प्रक्रिया केंद्र सुरू झाले, तरी नदी काळीच आहे. पैसा वाया गेला का?

केंद्राची क्षमता किती, हे सगळेच विचारतात. तिथे रोज प्रत्यक्ष किती सांडपाणी पोचते, ते विचारा. बऱ्याचदा केंद्र अर्धवट क्षमतेने चालते आणि शेजारचा नाला थेट नदीत जातो, कारण घरांच्या जोडण्या आणि मुख्य वाहिन्यांचे काम रखडलेले असते. मोकळ्या जागेत टाकी बांधता येते. दाट वस्तीतून योग्य उतार राखत वाहिनी नेणे खरे अवघड. निधीची पहिली मागणी वाहिन्यांसाठी व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न: पाणी रसायने टाकून शुद्ध करतात का?

शेवटी जंतुनाशक म्हणून क्लोरीन वापरतात, पण मुख्य काम जिवाणूंचे. सांडपाण्यात हवा सोडत राहायची आणि तळाशी बसलेला जिवाणूयुक्त गाळ पुन्हा टाकीत फिरवायचा, ही पद्धत आर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी १९१४ मध्ये मँचेस्टरला मांडली. आजही ती जगभर वापरात आहे.

चालू टाकीतले तपकिरी पाणी लिटरभराच्या मोजपात्रात घेऊन अर्धा तास स्थिर ठेवतात. गाळ खाली बसून वर नितळ पाणी दिसले, तर जिवाणूंची तब्येत ठीक. गाळ फुगून वरपर्यंत राहिला, तर बहुधा तंतुमय जिवाणू माजलेले असतात. त्यांना आवर घालायचा तर हवा आणि येणारे सांडपाणी, दोन्ही तपासावे लागते.

पाण्यात लिटरला साधारण २ मिलिग्रॅम ऑक्सिजन टिकवण्यासाठी ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारी यंत्रे, अखंड चालवावी लागतात. केंद्राची जवळपास निम्मी वीज त्यातच जाते. म्हणून वीजबिल वाचवायला ब्लोअर बंद ठेवले जातात, तेव्हा मला फार वाईट वाटते. जिवाणू गुदमरले, की टाकी पूर्ववत व्हायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात.

प्रश्न: 'फ्लशेबल' लिहिलेले वाइप्स कमोडमध्ये टाकावेत का?

नाही. तळणीचे तेलही मोरीत ओतू नका. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये वाइप्स आणि चरबीचा सुमारे २५० मीटर लांब, १३० टनांचा गोळा गटारात सापडला होता.

प्रश्न: प्रक्रिया केलेले पाणी पिता येईल?

नेहमीच्या केंद्रातले नाही. ओझोन, कार्बन, सूक्ष्म गाळण्या असे पुढचे टप्पे आणि सततची तपासणी असेल तर येईल. नामिबियातले विंडहुक शहर १९६८ पासून हे करत आले आहे. पण पिण्याचा विचार करण्याआधी कारखान्यांची शीतकरण यंत्रणा, बांधकामे आणि बागा या पाण्यावर आणा. तितके पिण्याचे पाणी लगेच मोकळे होईल.