परमिट रूम जबाबदारीने चालवता येते का, की ते नुसतं बोलायला असतं?

तुम्ही विचारलंय की वडिलांचं जेवणाचं हॉटेल आहे, आता एफएल-३ म्हणजे परमिट रूमचं लायसन्स मिळालंय, तर फॅमिली गिऱ्हाईक टिकवून बार जबाबदारीने चालवता येतो का, आणि एखाद्याला जास्त झाली तर त्याला "बास" म्हणायचं की नाही. पहिल्याचं नंतर बघू. दुसऱ्याचं उत्तर आत्ताच देतो, म्हणायचं. आणि ते वेटरच्या गळ्यात न मारता मालकाने स्वतः जाऊन म्हणायचं. ज्याला हे जमणार नाही त्याने लायसन्स परत करून किराणा दुकान टाकावं.

एवढं तोडून बोलतोय कारण याच एका गोष्टीवरून माझी आणि दाजींची पार्टनरशिप मोडली. आमचं हॉटेल कराडच्या अलीकडे, पुणे-बंगळूर हायवेला लागून. भांडवल दाजींचं जास्त, काउंटरला मी. दाजींचं पहिल्यापासून एकच म्हणणं, "गिऱ्हाईक काय लहान पोरगं आहे का, त्याला कळतं किती प्यायची ते, आपण कोण त्याला थांबवणारे?" ऐकायला बरोबर वाटतं. पण चौथ्या पेगनंतर त्याला किती कळतं हे काउंटरला उभं राहून बघितलेला माणूस असं बोलत नाही, आणि दाजी महिन्यातून दोनदा हिशोबाला यायचे.

आधी बाटल्यांच्या झाकणांचं सांगतो, कारण खरी गोम तिथे आहे आणि ती कुणी लिहीत नाही. काही सेल्समन येऊन वेटर पोरांना सांगून जातात की आमच्या ब्रँडची झाकणं जमवा, महिन्याच्या शेवटी झाकणामागे इतके रुपये. मग पोरगं काय करणार, गिऱ्हाइकाचा ग्लास अर्धा असतानाच "साहेब, रिपीट?" आमच्याकडे एका पोराच्या खिशात झाकणं एवढी वाजायची की तो टेबलाकडे यायच्या आधी आवाज यायचा. मी ती स्कीम बंद केली आणि पोरांचा पगार वाढवला. दाजी म्हणाले, "फुकट येणारा पैसा तू पगारातनं द्यायला लागलास." बरोबर आहे, द्यायला लागलो. पण आता माझा कॅप्टन, म्हणजे वेटरांवरचा मुख्य, एखाद्या टेबलाची ऑर्डर पंधरा मिनिटं मुद्दाम रेंगाळवतो, आधी पाण्याचा जग ठेवतो, मग जेवणाचं विचारतो, आणि त्यात त्याच्या खिशाला काही तोटा होत नाही म्हणूनच तो हे करतो. ज्याची टीप आणि कमिशन पेगवर आहे त्याला तुम्ही भिंतीवर कितीही पाट्या लावून दाखवा, तो ओतणारच.

आता ती रात्र. २०१७ ला सुप्रीम कोर्टाने हायवेपासून ५०० मीटरच्या आतले बार १ एप्रिलपासून बंद केले होते ते आठवत असेल. नगरपालिकेच्या हद्दीतले कोर्टाने जुलैमध्ये सोडले, आम्ही ग्रामपंचायतीत, त्यामुळे आम्हाला आणखी बरीच वाट बघावी लागली, तोवर नुसत्या तांबडा-पांढऱ्यावर हॉटेल ओढलं. बार परत चालू झाल्यावरची पहिली लग्नसराई. पाच जण हळदीवरून आले, आधीच थोडी झालेली, त्यातला एक तालुक्यातल्या वजनदार घरातला, आणि गाडीची किल्ली त्याच्याच समोर टेबलावर. मी गल्ल्यावरून बघत होतो. बीओटीवर, म्हणजे बारच्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, त्याचे साठ मिलीचे चार पेग झालेले. पाचवा मागवला आणि समोरच्या बडीशेपेच्या वाटीत लिंबू पिळायला लागला, शेंगदाणे समजून. मित्र हसतायत, त्याला काही पत्ता नाही.

मी गेलो, वाकून हळू आवाजात म्हणालो, "शेठ, भाकरी गरम आहेत, आता जेवून घ्या, पुढचा उद्या माझ्याकडून." (हे वाक्य पाठ करा, चारचौघात "तुम्हाला जास्त झालीय" असं कधीही म्हणायचं नाही, तिथेच भांडण होतं.) तो म्हणाला, "मला ओळखतोस का तू?" म्हटलं ओळखतो, म्हणूनच सांगतोय. आणि नेमके त्या दिवशी दाजी आलेले. ते गल्ल्याजवळून मोठ्यांदा, "अरे दे की एक, कशाला ताणतोस!" सगळ्या स्टाफसमोर. कॅप्टन ट्रे घेऊन मध्येच उभा, एकदा माझ्याकडे बघतोय एकदा दाजींकडे. मी त्याला म्हटलं ट्रे आत ने. त्याने नेला. शिव्या खाल्ल्या, आईवरून पण, एक ग्लास फुटला. पण जेवले. नंतर त्यांच्यातल्याच एकाला समजावून किल्ली त्याच्याकडून आमच्या तंदूरवाल्याकडे दिली, त्याच्याकडे फोरव्हीलरचं लायसन्स होतं, तो त्यांची गाडी घेऊन मसूरच्या बाजूला सोडायला गेला आणि मागून दुसरं पोरगं मोटरसायकलवर, त्याला परत आणायला. पेट्रोल माझं.

तुम्हाला वाटेल दुसऱ्या दिवशी तो माणूस आभार मानायला आला असेल. अजिबात नाही. तो परत कधीच आला नाही आणि तालुकाभर सांगत सुटला की यांच्याकडे दारूत पाणी मारतात. थोड्या दिवसांत तक्रार म्हणून एक्साईजचे दुय्यम निरीक्षक दोन जवानांना घेऊन दारात हजर. ब्रँड रजिस्टर काढा, टीपी म्हणजे माल आणल्याचे वाहतूक पास काढा, काउंटरवरच्या पोरांचे नोकरनामे म्हणजे कामाची परवानगीपत्रं काढा. फोडलेली बाटली न बाटली रजिस्टरशी ताडून बघितली, पेगचं माप वजनमापे खात्याचा शिक्का बघून ठेवून दिलं. काही निघालं नाही, कारण मी रोज रात्री बार बंद झाल्यावर झोप येत असली तरी रजिस्टर लिहूनच उठतो, उद्यावर टाकत नाही. व्हिजिट बुकात शेरा मारून गेले. आणि दाजी मला काय म्हणाले? "बघ, तुझ्या तत्त्वाने एक्साईज दारात आणलं."

मी त्यांना तेव्हा जे बोललो तेच इथे लिहितो. एक्साईज येणारच असतं, आज नाहीतर उद्या. पण पाचवा पेग देऊन तो हायवेला कुणाच्या अंगावर गेला असता तर पोलीस आले असते, आणि त्यांना दाखवायला आपल्याकडे कुठलं रजिस्टर आहे? आणि कोर्टाने हायवेचे बार बंद केले ते उगाच नाही केले, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांमुळेच केले. आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं स्टिअरिंगवर बसणाऱ्याला ओतत राहायचं, मग एक दिवस कोर्ट सरसकट शटर पाडतं आणि आपण म्हणतो आमच्यावर अन्याय झाला. दाजींना हे पटलं नाही. वर्षाच्या आत त्यांनी पैसे काढून घेतले, आता त्यांचा दुसरीकडे बार आहे, चांगला चालतो म्हणे. भाऊबीजेला ताई आम्हा दोघांच्या मध्ये बसते आणि धंद्याचा विषय काढू देत नाही.

पण १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला ते पोर्शेचं झालं, सतरा वर्षांचं पोरगं, दोन इंजिनिअर जिवानिशी गेले, आणि नंतर त्याला दारू देणाऱ्या ठिकाणांच्या मालक-मॅनेजरना पण अटक झाली, तेव्हा मला दाजींना फोन करून विचारायचं होतं की "आपण कोण" याचं उत्तर मिळालं का. नाही केला, ताईसाठी.

त्यावरून वयाचं. बिअर-वाईनला २१, हार्डला २५, हे तुम्हाला माहीत असेलच, पण पाळताना अवघड जातं, कारण बावीस-तेवीसची नोकरीला लागलेली, दाढीवाली पोरं येतात आणि आधार मागितला की त्यांना अपमान वाटतो. वाटू दे. एक नियम करा, शंका आली की कार्ड, मग तो आमदाराचा भाचा असो. गिऱ्हाइकाच्या नावाने फाडायचं एक दिवसाचं दारू पिण्याचं परमिट पाच रुपयाचं असतं म्हणून ते मनाने नावं टाकून भरू नका, ते कुणीच वाचत नाही असं वाटतं, पण भानगड झाली की पहिलं तेच वाचतात. सीलबंद बाटली पार्सल मागणारा रोज येईल. आपलं लायसन्स बसून प्यायचं आहे, त्याला वाईन शॉपचा रस्ता दाखवा.

फॅमिलीचं तुम्ही विचारलं होतं. टिकतात, पण दार वेगळं पाहिजे. नुसतं आत पार्टिशन घालून उपयोग नाही, बाईमाणूस पोरांना घेऊन बारमधून चालत जाणार नाही. आमच्याकडे फॅमिलीला पुढून आणि बारला बाजूने. बाथरूम पण वेगळं, हे बांधकाम करतानाच करा. ड्राय डेला बार बंद ठेवून किचन जोरात चालवा, आषाढी एकादशीला आमच्याकडे उपासाची थाळी असते आणि एरवी कधी न येणारी घरं त्या दिवशी येतात. बाकी मला यातलं फार सांगता येणार नाही, आमचं फॅमिली सेक्शन बायको बघते.

हां, आणि हे सगळं तालुक्याच्या ठिकाणचं आहे. पुण्या-मुंबईत बाउन्सर असतात, कॅब मिळते, तिथलं गणित वेगळं. धंदा कमी होतो का? होतो, खोटं कशाला बोलू. २०२३ च्या शेवटी बारच्या दारूवरचा व्हॅट ५ चा १० टक्के झाला तेव्हापासून तर एकेक टेबल मोजायची वेळ आली आहे, आणि दाजींसारखा विचार करणाऱ्यांची अडचण मला कळत नाही असं नाही. किल्लीचं पण जपून, अंगाला हात लावून कुणाची किल्ली हिसकावू नका, ती उलटी केस होईल, त्याच्या सोबतच्याला पुढे करा. आणि गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम दारूची जी लिमिट आहे ती पोलिसांच्या मशीनसाठी आहे, तुम्ही डोळ्याने मोजायला जाऊ नका, जो गाडी चालवणार आहे त्याला दोन पेगनंतरच ड्रायव्हरचं विचारायला सुरुवात करा.

तुमच्या हॉटेलचं पार्किंग पुढे आहे की मागे ते लिहिलं नाहीत तुम्ही. मागे असेल तर तिथे एक जाणता वॉचमन लागेल, पडखाऊ नको, आणि त्याचा फोन थेट तुमच्याकडे आला पाहिजे, मॅनेजरकडे नाही. ते सांगा, मग पुढचं बोलू.