किट परत करायची वेळ गेली, तक्रारीची अजून आहे

नागपूरच्या महाल भागातून एका संग्राहकाने लिहिलं आहे. एकोणीस महिन्यांपूर्वी नागपुरातच भरलेल्या जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात त्यांनी परप्रांतातल्या एका विक्रेत्याकडून 78 हजारांना सर्व्हायव्हल किट घेतलं. विमान पडलं तर वैमानिकाने जंगलात किंवा समुद्रात तग धरावा म्हणून सोबत दिली जाणारी ही लष्करी पिशवी. वर कप्पे, आत सीलबंद डबा. सोबतच्या कार्डावर हाताने लिहिलं होतं, ‘दुसरे महायुद्ध, अमेरिकन वैमानिक, 1944, मूळ’. युद्धात इथल्या सोनेगाव विमानतळावर उतरलेल्या वैमानिकाचं आहे, अशी गोष्टही ऐकवली. किट अकरा महिने कपाटात राहिलं. मग कामठीच्या एका निवृत्त जवान मित्राने ते पाहिलं आणि म्हणाला, भाऊ, हे 1944चं नाही. तेव्हापासून आठ महिने विक्रेता व्हॉट्सअॅपवर ‘पुढच्या महिन्यात बघतो’ म्हणतोय. आता एफआयआर करू की ग्राहक आयोगात जाऊ, हा प्रश्न.

कधी कट्यार, कधी घड्याळ, कधी नाणं. वस्तू तेवढी बदलते, पत्र हेच असतं. फसवणूक वाईट, विक्रेत्याने भरपाई द्यायला हवी, यावर मी शब्द घालवत नाही. तुमचं प्रकरण एका कलमावर अडलं आहे. मालविक्री कायदा 1930, कलम 42.

हे कलम सांगतं की खरेदीदाराने माल ‘स्वीकारला’ असं कधी धरायचं. तीन प्रसंग आहेत. त्याने स्वतः तसं कळवलं; किंवा माल हातात आल्यावर असं काही केलं जे फक्त मालकच करू शकतो; किंवा वाजवी मुदत उलटली तरी ‘माल नाकारतो’ असं कळवलं नाही. तुमच्याकडून दुसरी आणि तिसरी, दोन्ही गोष्टी झाल्या आहेत.

तिसरी आधी घेतो, कारण तिचा पुरावा तुम्हीच मला पाठवलात. खरेदीच्याच संध्याकाळी मोबाईलवर काढलेला तो फोटो मी मोठा करून पाहिला. पिशवीच्या झाकणावर बाहेरून शिवलेलं लेबल स्वच्छ वाचता येतं. त्यावर तेरा आकडे आहेत, मध्ये आडव्या रेघा, चार-दोन-तीन-चार असे तुकडे. हा मालाचा साठा क्रमांक. अमेरिकी सैन्याच्या मालावर ही तेरा आकड्यांची पद्धत 1974 सालापासून आली. त्याआधी अकरा आकडे होते, चार-तीन-चार, आणि तेही युद्ध संपून काही वर्षांनी, 1952च्या कायद्यानंतर सुरू झालेले. 1944च्या वस्तूवर यातलं काहीच असू शकत नाही. त्याच लेबलावर कंत्राट क्रमांकाची सुरुवात ‘डीएसए’ या अक्षरांनी होते. डीएसए म्हणजे डिफेन्स सप्लाय एजन्सी. अमेरिकी लष्कराची ही खरेदी संस्था 1961मध्ये स्थापन झाली आणि 1977मध्ये तिचं नाव बदललं. वर ‘यू.एस. एअर फोर्स’ छापलंय. ते स्वतंत्र दल 18 सप्टेंबर 1947ला झालं. युद्धकाळात त्याचं नाव ‘आर्मी एअर फोर्सेस’ होतं. म्हणजे तुमची पिशवी 1974 ते 1977 किंवा त्याच्या अगदी आसपासची.

मी लष्करी वस्तूंचा जाणकार नाही. माझ्या एका अशिलाला हा छंद आहे. त्याने फोनवर दहा मिनिटांत हे समजावलं आणि मी ते पडताळून घेतलं. ते तुम्हालाही पहिल्याच आठवड्यात कळू शकलं असतं, आणि आयोगात विरुद्ध बाजूचा वकील नेमकं हेच म्हणेल. दोष सीलबंद डब्याच्या आत दडलेला असता, तर अकरा महिन्यांनी डबा उघडला तेव्हा कळलं, हे मांडता आलं असतं. इथे तो पिशवीच्या तोंडावर शिवलेला होता आणि त्याचा फोटो तुमच्या खिशात होता. 78 हजार मोजणाऱ्याने लेबल वाचू नये, याचा मला मनापासून राग येतो. गाय घेताना आपण दात पाहतो.

दुसरी गोष्ट याहून वाईट. खरेदीनंतर चौथ्या महिन्यात बाहेरच्या कप्प्यातलं होकायंत्र तुम्ही वर्ध्याच्या मित्राला पाच हजारांना विकलंत. पत्रात हे एका ओळीत आलंय, जणू किरकोळ आहे. एखाद्या संचातली वस्तू काढून विकणं हे मालकाचंच काम. त्या दिवशी तुम्ही संपूर्ण किट स्वीकारलंत, असंच बहुधा धरलं जाईल.

याचा परिणाम कलम 13च्या दुसऱ्या पोटकलमात आहे. एकदा माल स्वीकारला की करारातली अट, इथे ‘1944चं’ हे वर्णन, मोडल्याबद्दल तो परत करून पूर्ण पैसे मागता येत नाहीत. अट हमीच्या, म्हणजे दुय्यम वचनाच्या, पातळीवर उतरते. हमी मोडल्यावर कलम 59 प्रमाणे भरपाई मिळते, म्हणजे वर्णनाप्रमाणे असतं तर किटची किंमत काय झाली असती आणि आहे त्याची किती, यातला फरक. त्यामुळे ‘किट घ्या, पैसे द्या’ हा तुमचा आठ महिन्यांचा तगादाच चुकीच्या पायावर होता. आठ महिने फरक मागितला असता तर आज काही हाती असतं.

पावतीवर ‘माल पाहून घेतला’ असं लिहिलंय म्हणून तुम्ही घाबरलात. त्यामुळे खचू नका, मात्र तक्रारीची मांडणी बदला. कलम 16मध्ये, म्हणजे मालाच्या दर्जाबद्दल, तपासून घेतलेल्या वस्तूत दिसण्याजोग्या दोषांसाठी विक्रेत्याला सूट आहे. कलम 15 वर्णनावरून झालेल्या विक्रीचं आहे आणि त्यात तशी सूट नाही. म्हणून तक्रारीत ‘माल निकृष्ट निघाला’ असं एकही वाक्य नको. ‘1944चं म्हणून विकलं, 1944चं नाही’ एवढंच हवं. तुमचा सगळा दावा त्या हस्तलिखित कार्डावर उभा आहे. ते लॅमिनेट करू नका, त्यावर काही लिहू नका, कागदी पाकिटात जपून ठेवा.

आता मुदत. ग्राहक संरक्षण कायदा 2019च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीला दोन वर्षं मिळतात. ती फसवणूक कळल्यापासून मोजा, असा युक्तिवाद होऊ शकतो, पण लेबल बाहेर असताना मी त्यावर विसंबणार नाही. खरेदीच्या तारखेपासून मोजा. पाच महिने उरलेत. व्हॉट्सअॅपवरच्या ‘बघतो’ने मुदत एक दिवसही वाढत नाही, हे शंभर जणांना सांगून झालं तरी एकशे एकावा तसाच वाट पाहत बसतो. उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण सबळ कारण लागतं. ‘विक्रेता गोड बोलत होता’ हे सबळ कारण ठरेल असं मला वाटत नाही.

विक्रेता दूरच्या राज्यातला असला तरी तक्रार नागपूरच्या जिल्हा आयोगात करता येते, कारण तुम्ही इथे राहता. कलम 34मध्ये ती सोय आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही. मागणीत फरकाची रक्कम ठेवा आणि पर्यायी म्हणून पूर्ण परतावाही लिहा. कलम 39 खाली आयोगाचे अधिकार मालविक्री कायद्यापेक्षा मोकळे आहेत, कदाचित आयोग पूर्ण रक्कमही देईल. खात्री मी देणार नाही. फरक सिद्ध करायला दोन जाणकारांची लेखी मतं लागतील, एकट्या मित्राचं पुरणार नाही. व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट नुसते लावू नका, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63चं प्रमाणपत्र जोडा. तुमच्या वकिलाला ठाऊक असेल.

तुम्ही दोन-चार वस्तू विकल्या आहेत, म्हणून विक्रेता म्हणेल की हे ग्राहकच नाहीत, हे व्यापारी. छंदापायी कधीमधी विकणं वेगळं आणि त्यावर पोट चालवणं वेगळं. तुमची नोकरी आणि प्राप्तिकराची विवरणपत्रं तिथे कामी येतील.

निकाल कधी लागेल ते मी सांगत नाही. कायद्यात लिहिलंय की नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत. माझ्या हातातल्या फायली वर्षानुवर्षं तारखा खातात, अशील म्हातारे होतात, आणि त्यातली निम्मी दिरंगाई अर्धवट कागदपत्रांमुळे असते, हेही मी रोज पाहतो. म्हणून पहिल्याच दिवशी सगळं जोडा.

एफआयआरबद्दल थोडक्यात. सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू होता, हे दाखवावं लागतं. त्याच विक्रेत्याने इतरांनाही अशीच किटं विकल्याचं कळलं तर विचार करा. नाहीतर पोलीस हा दिवाणी वाद म्हणून परत पाठवण्याचीच शक्यता जास्त. जुन्या वस्तू बाळगण्यावर बंधनं घालणाऱ्या पुरावशेष कायद्याची भीती वाटत असेल तर सोडून द्या. तिथे साधारण शंभर वर्षांची अट आहे, 1944चं खरं किटही त्यात बसलं नसतं.

एका गोष्टीवर मात्र मी थांबलो. डब्यात ‘मॉर्फिन लिहिलेली, टोकाला सुई असलेली छोटी ट्यूब’ निघाली, असं तुम्ही कौतुकाने लिहिता. अशा ट्यूब दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या औषधपेटीत खरोखर असत, एकीत अर्धा ग्रेन म्हणजे सुमारे 32 मिलिग्रॅम. सत्तरच्या दशकातल्या पिशवीत ती सापडणं म्हणजे किट इकडून तिकडून जमवलेलं आहे, हा तुमच्या बाजूचा पुरावा. पण ट्यूब भरलेली असेल तर ती अमली पदार्थ कायद्याखाली येते, कितीही जुनी असो. पाच ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण धरलं, तरी कलम 21 प्रमाणे एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ती विकू नका, कुरियर करू नका, मोरीत ओतू नका, तक्रारीतून लपवूही नका. फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला सोबत घेऊन लेखी अर्जासह पोलिसांकडे जमा करा आणि पोच घ्या. तक्रार दाखल करण्याआधी हे व्हायला हवं, कारण तक्रारीसोबत डब्याचे फोटो जाणार आहेत.

विक्रेत्याला नोटीस याच आठवड्यात स्पीड पोस्टाने पाठवा. पंधरा दिवस द्या, सोळाव्या दिवशी तक्रार तयार असू द्या.

आणि भाऊ, वर्ध्याच्या मित्राला आज रात्रीच फोन करा. ते होकायंत्र तुम्ही त्यांना 1944चं म्हणून विकलंत. तुम्हाला शंका येऊन आठ महिने झाले आणि त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. त्यांची दोन वर्षं संपायला नऊ महिने आहेत आणि त्यांच्या तक्रारीत विक्रेता म्हणून नाव तुमचं असेल. पाच हजार परत करा, होकायंत्र घ्या, तसा साधा कागद दोघांच्या सह्यांनी करून ठेवा. संच पुन्हा पूर्ण झाला तर आयोगासमोर तुमचीही बाजू थोडी सावरेल.